बाद झालेल्यांनी कुठे बसायचे?

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत पालकसभेसाठी अर्धा तास आधी पोहोचलो आणि मैदानालगतच्या पायरीवर बसून तिच्या चौथीच्या वर्गाचा पी. टी.चा तास पाहिला. खो-खो चालू होता. लेक पहिल्याच तुकडीत उतरली, दुसऱ्या खांबापर्यंत पोहोचण्याआधीच बाद झाली आणि कडेला जाऊन बसली. त्यानंतर घंटा होईपर्यंत तिने दोन्ही बुटांतली खडी तीन वेळा झाडली. घरी येताना म्हणाली, "बाबा, मला खेळातलं काहीच येत नाही." पाच वर्षांची असताना हीच मुलगी जिन्यात भेटेल त्याला शर्यतीचे आव्हान देत असे.

मुले पडद्याला चिकटतात म्हणून खेळत नाहीत, असे आपण सर्रास म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु 'मला जमत नाही' ही समजूत पुष्कळदा मोबाईलच्या आधी आलेली असते. सुझन हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली मुलांना स्वतःची कुवत किती वाटते हे मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यास आणि मित्रमंडळी यांच्याबरोबरीने खेळाच्या कुवतीला त्यांनी स्वतंत्र जागा दिली होती. लहानपणी हा अंदाज भलताच फुगलेला असतो, आणि ते बरेच आहे. सात-आठ वर्षांनंतर मूल स्वतःला शेजारच्या मुलाशी ताडून पाहू लागते. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी मुले असतात हे त्याला कोण सांगणार? ते स्वतःला कच्चे ठरवते, मागे राहते, खेळणे कमी झाल्यामुळे खरोखरच कच्चे होते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत जास्त सरावाची गरज असलेले मूल मात्र आपल्याकडे सर्वांत आधी बाहेर बसते.

आमच्या लहानपणी यावर 'कच्चा लिंबू' हा उतारा होता. नऊ वर्षांचा होईपर्यंत मीच तो असल्याने त्याची गोडी मला फारशी सांगू नये. आपल्यावर राज्य येत नाही याचा अर्थ पोराला बरोबर कळतो.

त्यापेक्षा कबड्डीकडे पाहावे. आज प्रचलित असलेल्या संजीवनी पद्धतीत बाद खेळाडू पुन्हा जिवंत होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. 'अमर' नावाच्या जुन्या पद्धतीत तर तो बाहेर जातच नसे. गुण प्रतिस्पर्ध्याला मिळे आणि खेळाडू मैदानातच राही. स्पर्धेसाठी ती पद्धत मागे पडली ते ठीकच आहे, पण शाळेच्या तासाला स्पर्धेचे नियम कशासाठी हवेत, हे मला अद्याप उमगलेले नाही. एका शिक्षकाने पन्नास मुले सांभाळायची तर काहींना बसवावेच लागते, ही अडचण मला मान्य आहे. तरीही तीच ती मुले बसवली जाऊ नयेत.

गेल्या रविवारी इमारतीमागच्या मातीवर आम्ही अमर कबड्डी मांडली. गुण लिहिण्याची वही माझ्याकडे होती. लेक सहा वेळा बाद झाली आणि सहाही वेळा आतच राहिली. नंतर चढाईला आलेल्या सहावीतल्या मुलाचा तिने घोटा धरला, आणि त्याचा दम तुटला तरी सोडेना.