पिकअपला पिकअप आहे का?

परवा गोव्यात माशेलच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट बदलायची होती, तिसऱ्यांदा. बोलता बोलता विषय निघाला की उद्या आपल्याकडे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली पिकअप आली तर घ्यायची का. मेस्त्रींनी हातातला पाना खाली न ठेवताच विचारलं, "पण दादा, तिला पिकअप असेल काय? बॅटरीची गाडी ती." मागे हौदा असलेल्या गाडीलाही आपण पिकअप म्हणतो आणि गाडी झटक्यात उचलते त्यालाही पिकअपच. तिथे मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण घरी येईपर्यंत ते मलाच अपुरं वाटायला लागलं. म्हणून आज बसून नीट लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. रोजच्या चालवण्याला हायब्रिड पिकअपचा जोर पुरतो, पुरून उरतो. आणि हे मी कागदावरचे आकडे बघून म्हणत नाही.

सावईवेऱ्याला आमचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी, थोडी मिरी, हंगामात अननस. दर शुक्रवारी पहाटे माल भरून म्हापशाचा बाजार, मधल्या दिवसांत फोंडा, मडगाव, कधी बेळगाव. १४ वर्षं डिझेलची पिकअप चालवतोय. तिची ताकद जेमतेम ७५ हॉर्सपॉवर. त्यामुळे गाडीला दम नसणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको.

गेल्या वर्षी तीन आठवडे बहिणीकडे न्यू जर्सीला होतो. भाच्याकडे फोर्डची मॅव्हरिक हायब्रिड आहे. २०२१ मध्ये ही गाडी तिकडे आली, बनते मेक्सिकोत. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन १६२ हॉर्सपॉवरचं, जोडीला विजेची मोटर, दोन्ही मिळून १९१. बॅटरी अगदी लहान, १.१ किलोवॉट-तास. तिला वायर लावून चार्ज करायची भानगड नाही, गाडी चालता चालता स्वतःच भरून घेते. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर गाठायला साधारण आठ सेकंद. याच गाडीची टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेली पेट्रोल आवृत्ती याहून जास्त ताकदीची आहे, ती जास्त पळते हे उघड आहे. माझा मुद्दा तो नाहीच.

पहिल्या दिवशी भाच्याने गाडी माझ्या हातात दिली आणि हायवेला चढायच्या वळणावर म्हणाला, "मामा, आता पूर्ण दाब." उजवीकडून चालवायची सवय नाही, डाव्या बाजूने ट्रक धडाधड येतायत, आणि मला त्यांच्यात शिरायचं. पाय दाबला. इंजिन एकदम ओरडलं, एकाच सुरात, थांबेचना. माझ्या पोटात गोळा. आमच्या गाडीत असा आवाज आला की समजायचं, गिअर चुकला. मी पाय उचलणार एवढ्यात भाचा म्हणाला, "आवाजाकडे नको, काट्याकडे बघ." बघितलं तर गाडी साठ मैलांच्या पुढे, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरला टेकलेली. ट्रक आरशात मागे राहिलेला. मी मारे घाबरत होतो आणि गाडीने काम कधीच उरकलं होतं.

ह्या आवाजानेच हायब्रिडचं नाव खराब केलंय, असं माझं ठाम मत झालंय. आपल्या कानाला १४-१५ वर्षांची सवय असते: आवाज चढतो, गिअर पडतो, आवाज उतरतो, परत चढतो. त्या चढउतारावरून आपण वेग ओळखतो. ह्या गाडीत ठरावीक गिअरच नाहीत. इंजिन, दोन मोटर आणि मध्ये दातेरी चक्रांचा एक संच, जो इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे वेगवेगळे ठेवू शकतो. जोर मागितला की इंजिन थेट आपल्या ताकदीच्या फेऱ्यांवर जाऊन बसतं आणि गाडी मागून सावकाश वेग धरत येते. कानाला वाटतं क्लच घसरतोय. प्रत्यक्षात काहीच घसरत नाही. शिवाय धक्का नाही, मान मागे जात नाही, म्हणूनही ती मंद वाटते. दोन दिवसांत माझे कान सरावले आणि नंतर आवाज लक्षातही येईना.

मुळात शून्य ते शंभर हे रोजच्या चालवण्याचं माप नाहीच. गोव्यात तुम्ही सिग्नलवरून शंभरपर्यंत गाडी कधी नेली? जागाच कुठे आहे? आपली गरज दोनच ठिकाणी असते. एक, उभ्या गाडीने झटकन निघणं: मंगेशीच्या तिठ्यावरून हायवेला लागताना, किंवा रायबंदरहून चोडणला गेल्यावर फेरीबोटीतून ओल्या धक्क्यावर चढताना, पाठीमागे वीस स्कूटरवाले हॉर्न मारत असताना. तिथे विजेची मोटर म्हणजे वरदान आहे, कारण ती पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. इंजिनाचे फेरे चढायची वाट बघायची नाही, हाफ क्लचवर गाडी धरून प्लेट जाळायची नाही. क्लचच नाही. माझ्या तीन प्लेटांचे पैसे आठवून हे लिहितोय.

दुसरी जागा म्हणजे ताशी चाळीस ते सत्तर. ओव्हरटेक. आणि इथे मला एक प्रसंग सांगावाच लागेल.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी चोर्ला घाटातून बेळगावला निघालो होतो. हौद्यात सुपारीची पोती, शेजारी मुलगा. पुढे एक ट्रक पंधराच्या वेगाने चढत होता, पाच-सहा वळणं त्याच्या धुरात काढली. एका सरळ तुकड्यावर त्याने हात दाखवला, जा म्हणून. मी सेकंडवर टाकून गाडी बाहेर काढली. अर्ध्या ट्रकाबरोबर आलो आणि गाडीचा दम संपला. पाय जमिनीला टेकलाय, टर्बो जागा व्हायचाय, आणि वरच्या वळणावर समोरून एक गाडी दिसली. मुलगा "पप्पा!" एवढंच म्हणाला. ट्रकवाल्याने ब्रेक मारून मला जागा दिली म्हणून आज लिहितोय. चूक माझीच होती, गाडीच्या ताकदीचा अंदाज मला तोवर ११ वर्षं चालवून असायला हवा होता. पण ते तीन-चार सेकंद मी विसरू शकत नाही. जोर म्हणजे चैन नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच "काय करायचाय पिकअप, हळू चालवा" असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

तिकडे मी मुद्दाम हेच करून बघितलं. बहिणीच्या बागेसाठी मातीच्या पिशव्या आणायच्या होत्या, एकेक १८ किलोची. बावीस भरल्या, म्हणजे चारशे किलोच्या आसपास, आणि वर आम्ही दोघं. रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत फरक जाणवला, नाही कसं म्हणू? पण पाय दाबल्यावर उत्तर लगेच मिळालं. मध्ये ती रिकामी घटका आली नाही, जी घाटात माझ्या जिवावर उठली होती.

आता उणी बाजू. तिची भार वाहायची मर्यादा ६८० किलो. माझ्या शुक्रवारच्या फेरीत कधी कधी टनभर माल असतो, तिथे ती नापास. मी चालवली ती पुढच्या चाकांवर चालणारी, आणि मागे माल भरून ओल्या लाल मातीच्या चढावर अशी गाडी नुसती चाकं फिरवत बसेल, ह्याची मला धास्ती आहे. (२०२५ पासून हायब्रिडला चारही चाकांचा पर्याय आलाय.) लांब घाटात सतत जोर मागितला तर एवढीशी बॅटरी रिकामी होणार आणि उरणार ते इंजिनाचंच बळ. उतरताना मात्र तीच बॅटरी ब्रेकिंगवर फुकट भरून येते. शहरात थांबत-निघत ती लिटरला १८ किलोमीटरच्या आसपास देते आणि हायवेला १४च्या, हा उलटा हिशेब त्यामुळेच. पणजी-पर्वरीच्या कोंडीत रोज सापडणाऱ्याला ह्याचं मोल सांगायला नको.

फोर्डने २०२१ मध्येच भारतातल्या कारखान्यांना कुलूप लावायचं जाहीर केलं, तेव्हा मॅव्हरिकची वाट बघण्यात अर्थ नाही. इथे त्या धर्तीच्या मिळतात त्या टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस, दोन्ही डिझेल, ताकद भरपूर, लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे. आमच्या वाड्याच्या वळणावर त्या वळणारच नाहीत. (मॅव्हरिकही पाच मीटर सात सेंटीमीटर आहे, तिकडे तिला लहान म्हणतात!) पण हायब्रिडचा अनुभव इथेही घेता येतो. मोपा विमानतळावरून एकदा मित्राची टोयोटा इनोव्हा हायक्रॉस मी चालवत आणली, सात माणसं आणि टपावर बॅगा. २ लिटर इंजिन, मोटरसकट १८६ पीएस (हे माप जवळपास हॉर्सपॉवरएवढंच). पेडण्यापासून बाणास्तरीपर्यंत एकाही चढावर पाय पूर्ण दाबावा लागला नाही. याउलट टोयोटाचीच दीड लिटरवाली हायब्रिड हायरायडर, ११६ पीएसची, तिच्यात पाच माणसं बसवून चोर्ला चढलो तेव्हा इंजिन फार ओरडलं आणि वेगही बेताचाच मिळाला. तेव्हा नुसतं हायब्रिड नाव बघून भागत नाही. वजनाच्या मानाने ताकद किती, ते बघावं लागतं.

मला हवी आहे ती साडेचार मीटरची, सातशे-आठशे किलो उचलणारी, दीडशे हॉर्सपॉवरच्या वरची हायब्रिड पिकअप. कुळागरवाले, काजूवाले, केटरिंगवाले, नर्सरीवाले, गोव्यात आणि सावंतवाडीपर्यंत असे किती जण आहेत ज्यांना टनभर वाहायचं नसतं, पण टपरीसारख्या केबिनमध्ये दिवसभर क्लच मारत बसावं लागतं. देशात हायब्रिड मोटारी बनतात, पिकअपही बनतात. दोन्ही एकत्र आणायला कंपन्यांनी एवढा वेळ का लावावा?

तुमच्यापैकी कोणाकडे हायब्रिड असेल तर एक करा. पाच माणसं बसवा, रस्ता मोकळा असताना मोल्याहून अनमोडचा चढ धरा आणि चाळीस ते सत्तरला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा. गाडीचं नाव आणि आकडा खाली लिहा. मेस्त्रींना मी सगळे वाचून दाखवणार आहे.