थ्रेड वाढवले तरी लॉक एकच
साफसफाईचे पार्श्वभूमीतील थ्रेड (एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे) वाढवले की स्टोरेजचा वेग वाढतो, हे स्टोरेजवरील लेखातील विधान अपुरे वाटते. सगळे थ्रेड साफसफाईच्या नोंदींच्या एकाच यादीच्या स्पिनलॉकसाठी (मिळेपर्यंत सीपीयू सतत फिरत ठेवणाऱ्या कुलपासाठी) ताटकळत असतील, तर वाढतो तो केवळ सीपीयूचा खर्च, आणि इंदूरला आमच्या कार्यालयातील सर्व्हरवर पर्फ (लिनक्सचे कामगिरी मोजणारे साधन) लावला तेव्हा नेमके हेच दिसले. लॉक घेऊन संपूर्ण यादी स्थानिक यादीत वळती करावी, लॉक लगेच सोडावा आणि मग एकेक नोंद हातावेगळी करावी. लिनक्सच्या ब्लॉक लेयरमध्ये (डिस्ककडे वाचन-लेखनाच्या विनंत्या पाठवणाऱ्या भागात) ३.१३ आवृत्तीत (२०१४) प्रत्येक सीपीयूसाठी वेगळ्या रांगा आल्या, त्याही एकाच लॉकवरची ही झुंबड टाळण्यासाठीच. मात्र वळती केलेली नोंद दुसरा थ्रेड मोकळी करू (मेमरीतून काढून टाकू) शकत असेल, तर तिचा संदर्भ (ती वापरात असल्याची खूण) लॉक सोडण्यापूर्वीच धरून ठेवावा लागतो. लेखात नेमके हेच सुटले आहे.