बाप, पोरगं आणि स्टॅक

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, हा बग कोणाचा, आणि गिट ब्लेमने, म्हणजे कोडची ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणाऱ्या कमांडने, माझं नाव दाखवलं. का, तर त्या ओळीतले टॅब काढून मी स्पेस टाकल्या होत्या. लिहिणारा कधीच प्रमोशन घेऊन दुसऱ्या टीममध्ये गेलाय. असो.

ओळ अशी होती की रिपोर्ट नावाच्या पॅरेंट क्लासमध्ये (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) एक फील्ड, आणि तिथेच न्यू करून, म्हणजे नवा बनवून, पीडीएफरिपोर्टचा ऑब्जेक्ट, जो क्लास याच रिपोर्टचा चाइल्ड. आता जावात चाइल्ड बनवायचा तर पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा कोड, चालणारच, तो चालताना फील्डसाठी नवा चाइल्ड, त्याला परत पॅरेंट, म्हणजे बापाला जन्मायला आधी पोरगं हवं आणि पोराला बाप. शेवटी स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉल्सची नोंद ठेवायची मेमरी, भरतो आणि स्टॅकओव्हरफ्लोएरर.

एवढ्यात शेजारच्या टीममधले एक सर मागे येऊन उभे. "मेमरी कमी पडतेय, स्टॅक वाढव."

"सर, हे संपतच नाही."

"म्हणून तर म्हणतोय, मोठा दे."

"सर, कितीही दिला तरी भरणार."

"तू आधी देऊन तर बघ. निगेटिव्ह नको राहू."

दिला, एक्सएसएस हे स्टॅकच्या आकाराचं सेटिंग वाढवून. प्रोग्राम थोडा उशिरा मेला. सरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघ! फरक पडला ना?" आणि हे मिनिट्समध्ये 'सुधारणा' म्हणून गेलं!

बरं कंपायलर तरी कसला शहाणा, धिस वापरून एकाच क्लासचे दोन कन्स्ट्रक्टर एकमेकांना बोलवायला लागले की लगेच एरर देतो, आणि हे न्यू मात्र गुपचूप जाऊ देतो. स्टॅक ट्रेस, म्हणजे एररसोबत येणारी कॉल्सची यादी, तीही डिफॉल्टला 1024 फ्रेम (एका कॉलची एक) दाखवून थांबते, त्याच दोन ओळी आलटून पालटून, सुरुवात कुठून झाली ते बाहेरच. पायथनवाल्यांनी हसू नये, पॅरेंटला बोलावणाऱ्या सुपरमध्ये स्वतःच्या क्लासच्या नावाऐवजी सेल्फ डॉट क्लास लिहिणारे तुमच्यातही आहेत, नातू क्लास येईपर्यंत सगळं छान चालतं, मग कोड स्वतःलाच बोलावत राहतो, डिफॉल्ट 1000 ची लिमिट आणि रिकर्शनएरर. पायथन 3 मध्ये नुसतं रिकामं सुपर चालतं हो, लिहा की.

इलाज काय तर फील्डमधलं न्यू काढलं, लागेल तेव्हा बाहेरून ऑब्जेक्ट पास केला. पॅरेंटला मुळात चाइल्डचं नावच माहीत असू नये, पण हे मी बोलले तर म्हणे थिअरी नको.

ते वाढवलेलं स्टॅकचं सेटिंग अजून प्रॉडक्शनवर आहे. काढते म्हटलं तर सर म्हणाले, "राहू दे, त्याच्यामुळेच चाललंय."