व्याख्येआधी वाक्य

इंग्रजी व्याकरण शिकवताना शब्दांच्या आठही जाती (नाम, क्रियापद वगैरे) मुलांकडून आधी व्याख्यांसह पाठ करून घ्याव्यात आणि मगच वाक्यांकडे वळावे, असे मी वाचलेल्या एका लेखात सुचवले आहे. माझा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. इंग्रजीत अनेक शब्दांची जात त्यांच्या रूपावरून कळत नाही, ती वाक्यातल्या जागेवरून आणि कामावरून ठरते. ‘वॉटर’ म्हणजे नाम, असे घोकलेल्या माझ्या भाचीने ‘वॉटर द प्लँट्स’ या वाक्यातही त्या शब्दाखाली नामाची निळी रेघ ओढली होती. या वाक्यात काय करायला सांगितले आहे, एवढेच मी तिला विचारले. ती क्षणभर थांबली, ‘पाणी घालायला’ म्हणाली आणि तिने स्वतःच निळी रेघ खोडून क्रियापदाची लाल रेघ ओढली.

शब्दयोगी अव्ययांसाठी तर मराठीचाच आधार घ्यावा. ‘टेबलाखाली’मधले ‘खाली’ नामाला मागून जोडले जाते, तर ‘अंडर द टेबल’मधले ‘अंडर’ नामाच्या आधी आणि सुटे येते. हा फरक फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवला, की मुलांच्या चटकन लक्षात येतो. ‘अ’ आणि ‘द’ यांचे तसे नाही, कारण मराठीत त्यांना नेमके प्रतिशब्दच नाहीत. तिथे नुसता नियम सांगून भागत नाही, छोटी गोष्ट सांगावी लागते: पहिल्यांदा भेटलेला कुत्रा ‘अ डॉग’ आणि पुढच्या वाक्यात ओळखीचा झालेला तोच कुत्रा ‘द डॉग’. केवलप्रयोगी अव्ययांवर मात्र फार वेळ घालवू नये. ती मुलांना आपसूक कळतात.