अपग्रेड झालंय, आता तक्रार कसली?

अभिनंदन! तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल. 'आपल्या परिसरातील नेटवर्क अपग्रेड करण्यात आले आहे, आता अनुभवा सुपरफास्ट स्पीड.' आला नसेल तर समजून घ्या की तुमच्याकडचं नेटवर्क जरा जास्तच अपग्रेड झालंय.

मी शहापूरचा. शहापूर, जिल्हा ठाणे, स्टेशन आसनगाव, पिनकोड ४२१६०१. एवढं सविस्तर सांगायची सवय कस्टमर केअरने लावली. आमच्याकडे हा मंगल प्रसंग दिवाळीच्या सुमारास पार पडला. त्याआधी व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडायला वेळ लागायचा. आता फोटो उघडतच नाही, पण त्यावरचं चक्र काय झकास फिरतं! तेव्हा किन्हवली, डोळखांब, मुरबाड, टोकावडे अशा ज्या गावांत ही गंगा अजून पोचायचीय, तिथल्या बांधवांसाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवतो. वेळ आली की उपयोगी पडतील.

सर्वांत आधी, मोबाइलच्या कोपऱ्यातल्या '५जी'वर श्रद्धा ठेवायला शिका. १ ऑक्टोबर २०२२ला पंतप्रधानांच्या हस्ते देशात ५जी सुरू झालं. त्याच वर्षी त्यासाठी दीड लाख कोटी रुपयांच्या लहरींचा लिलाव झाला. एवढी महागाची वस्तू तुमच्या स्क्रीनवर रोज फुकट दिसतेय, आणखी काय हवं? काही चिकित्सक मंडळी सांगतील की काही कंपन्यांचं ५जी हे ४जीच्या खांद्यावर बसूनच येतं. ४जीचा टॉवर 'माझ्याकडे ५जीची सोय आहे' एवढं जरी म्हणाला, तरी बरेच फोन लगेच ५जीची पाटी लावून मोकळे होतात आणि डेटा बिचारा मागच्या दाराने ४जीवरूनच सरपटत असतो. अशा लोकांच्या नादी लागू नका. देवळाचा कळस दिसला की हात जोडावेत, गाभाऱ्यात कोण बसलंय ते तपासत फिरू नये.

टॉवरकडेही फार निरखून पाहू नका. पाहिलंत तर नव्या कोऱ्या अँटेनांच्या शेजारी एक गोल पांढरी डिश दिसेल. म्हणजे या टॉवरपर्यंत फायबर आलेलीच नाही, तो दूरच्या दुसऱ्या टॉवरकडून हवेतून डेटा उसना घेतोय. त्या उसन्यावर अख्खी बाजारपेठ, कोर्ट, तहसील, दोन कॉलेजं आणि संध्याकाळी सातनंतर घरोघरची क्रिकेट मॅच. वरच्या अँटेना हव्या तेवढ्या बदला, मागून येणारा डेटा तेवढाच. नळ नवा, पाइप जुनाच अर्ध्या इंचाचा. पण फोटोत नळच येतो ना, मग झालं.

काड्या पूर्ण दिसतात म्हणून नेट चालेल, असं समजू नका. काड्या सिग्नलच्या असतात. त्या सिग्नलवर तुमच्यासोबत आणखी किती जण लटकलेत, ते काड्या सांगत नाहीत. सकाळी ६ची आसनगाव लोकल आठवा, उलगडा होईल.

वीज गेली तर मोबाइल बाजूला ठेवून घरच्यांशी बोला. टॉवरची बॅटरीही तेच करते.

पावसाळ्याबद्दल सल्ला नाही.

दुकानदारांनी क्यूआर कोड जरूर लावावा, भिंतीला शोभा येते. आमच्या किराणावाल्याने लावलाय, सोबत ते बोलणारं खोकंही. दिवसभर खोकं मुकं बसून असतं, गिऱ्हाईक 'माझे तर कट झाले' म्हणून स्क्रीन दाखवत निघून जातं, आणि शटर ओढायच्या वेळी खोक्याला कंठ फुटतो. 'सत्तर रुपये प्राप्त झाले.' 'एकशे दहा रुपये प्राप्त झाले.' शेठ अंधारात उभा राहून वहीवर टिका मारत असतो. आसनगावच्या शेअर रिक्षावाल्याने तर क्यूआरच्या खाली स्केचपेनने लिहून ठेवलंय, 'नेट असेल तरच.' या तीन शब्दांपुढे कंपन्यांच्या अटी-शर्ती पाणी भरतील.

आता सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला. पेन्शन खात असाल तर नोव्हेंबरात हयात राहण्याचा आग्रह धरू नका.

आईला वडिलांच्या मागे फॅमिली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरला तिला आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की काम व्हायचं. आता हे डिजिटल झालंय. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, २०१४ साली आलं, २०२१पासून तर नुसता चेहरा दाखवूनही चालतं. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो, म्हाताऱ्या माणसांचे हेलपाटे वाचावेत म्हणूनच केलेली आहे. आई पलंगावर बसली, चष्मा काढला, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. कॅमेरा म्हटला की ती एवढं करतेच. मी आधार नंबर टाकला, ओटीपी मागवला. येईना. आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. दुसरा मागवला, तर दोन एकदम येऊन पडले, त्यातला ताजा कोणता हे कुणी सांगावं? एकदाचं ते निभावलं, कॅमेरा उघडला. 'डोळे मिचकावा.' आईने मिचकावले. वर्तुळ हिरवं झालं. आणि मग चक्र. कोपऱ्यात ५जी, मध्ये आईचा गोठलेला चेहरा, त्यावर चक्र. मग लाल अक्षरं. पुन्हा पहिल्यापासून. आई पुन्हा मिचकावते, पुन्हा चक्र. शेवटी ती वैतागली, "अरे, किती वेळा डोळा मारायला लावशील? त्याला सांग, आहे मी अजून!"

त्यालाच तर सांगता येत नव्हतं. आई समोर बसलीय, बोलतेय, चहा मागतेय, पण ही बातमी शहापूरच्या बाहेर जायला तयार नाही. शेजारचे म्हणाले, गच्चीवर जा, तिथे रेंज मिळते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, ती गच्चीवर जाणार? शेवटी रिक्षा केली आणि तिला हायवेला नेलं. मुंबई-नाशिक हायवे. रिक्षा कडेला लावली, बाजूने कंटेनर धडाडत जातायत, धुळीने डोळ्यांत पाणी आलेलं, आणि त्या डोळ्यांनी आई मोबाइलकडे बघून मिचकावतेय. चार सेकंदांत काम झालं. चार सेकंदांत! रिक्षावाल्याने वेटिंगचे पैसे यूपीआयने घेतले. तिथे चालतं ना सगळं.

कारण हायवेला नेटवर्क लागतं. शंभरच्या वेगाने शहापूर ओलांडून इगतपुरीला मिसळ खायला निघालेल्या माणसाचं गाणं मध्येच अडकता कामा नये. त्याच्यासाठी फायबर आहे, टॉवर आहे, क्षमता आहे. हायवेपासून रिक्षाने काही मिनिटांवर राहणारी म्हातारी मात्र जिवंत आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. ही आमची लायकी! पैसे मात्र दोघांचे सारखेच. घोडबंदर रोडच्या तिसाव्या मजल्यावरचा माणूस जो रिचार्ज मारतो तोच मी मारतो. खेड्यासाठी कमी दर आहेत का? स्पीड निम्मा म्हणून बिल निम्मं होतं का? जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, प्लॅनप्रमाणे अकरापासून सत्तावीस टक्क्यांपर्यंत, तेव्हा शहापूर वगळलं होतं का? तेव्हा आम्ही बरोबर दिसलो नकाशावर! महिना २८ दिवसांचा करून वर्षाला तेरा महिने वसूल करताना आम्ही दिसतो. अमर्यादित ५जी हवं तर दिवसाला २ जीबीवाला महाग प्लॅन घ्या म्हणता, आम्ही तोही घेतो. अमर्यादित काय दिलंत? चक्र!

असो. आपण सल्ले देत होतो.

तक्रार करायचीच असेल तर १९८ लावा. फोन लागला की तुमचं नेटवर्क ठीक असल्याचं सिद्ध होतं, आणि नाही लागला तर तक्रारच होत नाही. दोन्हीकडून कंपनीची बाजू भक्कम. लागलाच तर आधी नव्या योजनांची जाहिरात ऐका. मग पलीकडून गोड आवाज विचारेल, "सर, कोणतं शहापूर? कर्नाटकातलं?" नाही हो, ठाणे जिल्ह्यातलं. "ओके सर, ठाण्यात नेटवर्क उत्तम आहे." मग फोन बंद करून चालू करा, एअरप्लेन मोड लावा-काढा, सिम काढून पुसून घाला. हे सगळं केल्यावर, "सर, एक पर्यायी नंबर द्याल? या नंबरवर संपर्क झाला नाही तर." इथे हसू नका, कॉल रेकॉर्ड होतो. नंतर तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो. तो मात्र लगेच येतो हं, त्याला नेटवर्क आडवं येत नाही.

कंपनीच्या ठाण्यातल्या दुकानातही एकदा जाऊन या. एसी छान आहे. मी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो, तर तिथल्या पोराने माझाच फोन हातात घेऊन स्पीड टेस्ट लावली. काटा गेला तीनशेच्या पुढे. पोरगं निरागसपणे म्हणालं, "काका, फोनला काही झालेलं नाही. इथे तर मस्त चालतोय की!" चालणारच. त्याच्या मते माझ्या अडचणीवर सरळ उपाय होता. शहापूर सोडून ठाण्याला राहायला यायचं. वन बीएचके काय भाव आहे, ते त्याने सांगितलं नाही.

पोर्ट करून पाहा, फार मन रमतं. १९००वर मेसेज टाका, चार दिवस चालणारा कोड घ्या, दुसऱ्या कंपनीत जा, तिकडे नव्वद दिवस काढा आणि परत या. आमच्या आळीत सगळे सगळीकडे राहून आलेत.

सरकारचे आणि ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम वाचायला घ्या, झोप उत्तम लागते. २ एमबीपीएसच्या खालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणू नये, असं सरकारने २०२३मध्ये ठरवलं. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपन्यांना कुठे कोणतं नेटवर्क मिळतं याचे नकाशे वेबसाइटवर ठेवावे लागतात. आमचं गाव त्या नकाशात छान रंगवलेलं आहे म्हणतात. नकाशा आमच्याकडे पूर्ण उघडत नाही, नाहीतर खात्री करून सांगितलं असतं.

पुरे झाली थट्टा.

कंपनीवाल्यांनो, कोणत्या टॉवरवर किती बोजा आहे हे तुमच्या स्क्रीनवर तुम्हाला बसल्या जागी दिसतं. शहापूरचा टॉवर संध्याकाळी गळ्यापर्यंत भरतो हे तुम्हाला आमच्या आधी माहीत असतं. तरी तुम्ही फायबर टाकत नाही, कारण आम्ही कुठे जाणार? आणि कामगिरी मोजली जाते ती अख्ख्या सर्कलची. मोठ्या शहरांचा आकडा चांगला आला की आमचा वाईट आकडा सरासरीत विरघळून जातो. मोजायचं असेल तर टॉवरगणिक मोजा, आणि ते गावातल्या माणसाला वाचता येईल असं छापा.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. मुंबईचे नळ त्यावर चालतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट आमच्या पाड्यावरच्या बायका बघतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, तोही आमच्या जमिनीवरून गेला. आता डेटा. सगळं आमच्या दारावरून जातं आणि आम्ही दारात उभे राहून बघतो. 'तालुक्यात ५जी आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असे बॅनर लावणाऱ्या नेत्यांनी एकदा त्या बॅनरखाली उभं राहून नुसता व्हिडिओ कॉल लावून दाखवावा.

आणि आपण? आपणही कमी नाही. नेट गेलं की ग्रुपवर 'सगळ्यांचं गेलंय का?' असं विचारायचं, पन्नास जणांनी 'हो' म्हणायचं, दोघांनी कपाळावर हात मारणारं चित्र टाकायचं, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी निमूटपणे रिचार्ज मारायचा. त्या पन्नासांतल्या किती जणांनी तक्रार करून तिचा डॉकेट नंबर घेतला? आधी तो घ्या. तक्रार परस्पर बंद केली तर कंपनीच्याच अपील विभागाकडे अपील करा. तो कंपनीचाच माणूस असतो, मला माहीत आहे, तरी करा, कागद तयार होतो. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही, पण ग्राहक आयोग घेतो. टेलिकॉमच्या ग्राहकाला तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्येच स्पष्ट केलंय. जिल्हा आयोग ठाण्यातच आहे. मोबाइल कव्हर घ्यायला ठाण्याला जाता, मॉलमध्ये जाता, मग तिथे जायला काय होतं? पन्नास 'हो'च्या जागी पन्नास अर्ज गेले असते तर एव्हाना कुणीतरी हायवेपासून गावापर्यंत केबलसाठी चर खणायला आला असता.

आणि कंपनीवाले साहेब, तोवर ते अपग्रेडचे मेसेज पाठवणं बंद करा. आधी फायबर टाका, मग पाठवा.