एसएम म्हणजे 'सुपरमॉल' नाही हो
फिलिपिन्सच्या एसएम मॉल्सबद्दल एक मेसेज फिरतोय, की नाव 'सुपरमॉल'वरून पडलं आणि मालक घरचाच श्रीमंत होता. दोन्ही चूक. एसएम म्हणजे शूमार्ट, चपला-बुटांचं दुकान! मालक हेन्री सी यांनी ते १९५८ ला मनिलात काढलं, आणि श्रीमंतीचं म्हणाल तर चीनमधून पोरवयात आले तेव्हा वडिलांचं किराणा दुकान एवढुसं होतं की रात्री दुकान बंद झालं की काउंटरवरच पथारी टाकून झोपायचे, दुसऱ्या महायुद्धात तेही गेलं. पहिला मोठा मॉल, नॉर्थ एडसा, थेट १९८५ ला, तोही देशात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरोधात गदारोळ चालू असताना (धाडसच म्हणायचं). हेन्रींची सहाही मुलं पुढे धंद्यातच आली, एवढं मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे.