आमचे हवालदार सर

गेल्या आठवड्यात आमचे सर गेले. वय सत्त्याहत्तर. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत भूगोल आणि पीटी शिकवायचे. त्याआधी मराठा लाइट इन्फंट्रीत होते, तिथली पंधरा वर्षं पुरी करून पेन्शनवर आले आणि मग बी.एड. करून मास्तर झाले.

चौकात दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स लागला. वर्दीतला फोटो, मागे राफेल, बाजूला रणगाडा, वरच्या पट्टीत हात जोडलेले सात-आठ पुढारी, आणि नावाआधी ठळक अक्षरात 'मेजर'. सर पायदळातले, निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पण आमच्या सातारा जिल्ह्यात पेन्शन घेऊन गावी आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्याला इलाज नाही. सरांना कुणी मेजर म्हटलं की ते लगेच "हवालदार" एवढंच म्हणायचे आणि पुढचं बोलणं चालू ठेवायचे.

फ्लेक्सचं जाऊ द्या. मला खटकलं ते शोकसभेतलं बोलणं. एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांचा सूर एकच: मिलिटरी शिस्त, सरांचा दरारा, आजकालच्या पोरांना असाच छडीवाला मास्तर पाहिजे. अहो, कुठली छडी? आम्ही आठवी ते दहावी त्यांच्या हाताखाली काढली. छडी स्टाफरूमच्या कोपऱ्यात होती, पण ती दुसऱ्या सरांची.

सरांनी पलटणीतून आणलं होतं ते वेगळंच. श्रावणातल्या शनिवारी ते आम्हाला जरंडेश्वरच्या डोंगरावर घेऊन जायचे. निघताना मोजणी, वर मारुतीच्या देवळात मोजणी, उतरल्यावर पुन्हा मोजणी. खाली आल्यावर सगळ्यांना पारावर बसवून चपला-बूट काढायला लावायचे आणि एकेकाचे पाय बघायचे. कुणाला फोड आलाय, कुणाची टाच सोलवटलीय, कुणाची चप्पल तुटली तरी बोलला नाही. पिशवीत कापूस, आयोडीन आणि पट्टी असायची. वर्गातल्या एका मुलाला चप्पलच नव्हती. सरांनी त्याचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला, आणि सोमवारी त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. कुणी आणले, कसे आणले, याची वर्गात चर्चा झाली नाही. लांब चालून आल्यावर आधी जवानांचे पाय बघायचे, मग स्वतः चहा प्यायचा, हे म्हणे त्यांना त्यांच्या पहिल्या हवालदारानं शिकवलं होतं.

आणि भूगोल! समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, हा धडा बहुतेक शाळांत पाठ करून घेतात. सरांनी घमेल्यात ओल्या मातीचा डोंगर केला, एका बाजूनं उभा, दुसऱ्या बाजूनं उतरता. मग तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतायचं आणि दर वेळी पाण्याची कड खिळ्यानं कोरून घ्यायची. पाणी काढलं की डोंगरावर रेघाच रेघा. "आता वरनं बघा." वरून बघितलं तर उभ्या बाजूला रेघा खेटून, उतरत्या बाजूला लांब लांब. त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उघडला, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटरवाला, वीस-वीस मीटरवर रेघा असलेला, आणि विचारलं, "जरंड्यावर कुठल्या अंगानं चढलो आपण?" आम्ही सगळे त्या कागदावर पालथे पडलो होतो. नकाशा आधी उत्तरेला लावल्याशिवाय बोट टेकवू द्यायचे नाहीत. मी पुढे सिव्हिल इंजिनिअर झाले त्यात त्या घमेल्याचा वाटा आहे.

सर १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात होते, पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत. १६ डिसेंबरला, विजय दिनाला, मुख्याध्यापक त्यांना बोलायला उभं करायचे. जमालपूरची गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. आपल्या ब्रिगेडनं शरण या म्हणून पत्र पाठवलं, समोरच्या बलुच पलटणीच्या कर्नलनं नकाराच्या उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. आम्हाला अर्थातच त्या गोळीत रस. सर मात्र विचारायचे, "पत्र नेलं कुणी?" ते नेलं होतं मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेच्या, जहुरुल हक मुन्शी नावाच्या माणसानं, पांढरं निशाण हातात धरून. तिथं त्याला मारहाण झाली, तरी उत्तर घेऊन परत आला. "आमच्या हातात बंदुका होत्या. त्याच्या हातात कागद." पुढे रात्रीची लढाई, ११ तारखेला जमालपूर पडणं, ढाक्याकडे कूच, हे सगळं सर दोन-तीन वाक्यांत उरकायचे. टाळ्या यायच्या जागाच ठेवायचे नाहीत. मुख्याध्यापकांची पंचाईत व्हायची.

घरी त्यांचा हुद्दा आणखी खाली होता. "आमच्या घरात सुभेदार वेगळा आहे," असं काकूंकडे बघून म्हणायचे. पलटणीच्या वर्षांत शेत, सासू-सासरे, दोन मुली, सोसायटीचं कर्ज, सगळं काकूंनी रेटलं. सर घरी आल्यावरही ऊस कधी लावायचा आणि तोड कधी घ्यायची हे काकूच ठरवायच्या. थोरली मुलगी लहानपणी सुट्टीवर आलेल्या बापाला बघून आजीच्या मागे लपायची, हे त्यांना फार लागलं असावं. नातीच्या दोन वेण्या मात्र रोज सकाळी तेच घालायचे, भांग पट्टी लावून आखल्यासारखा. नात वैतागायची.

आता मुद्द्याचं. जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं की राज्यात पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देणार आणि त्यासाठी अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेणार. शोकसभेतही एकानं तो विषय काढला आणि टाळ्या घेतल्या. माझा माजी सैनिकांना विरोध नाही, असता तर हे लिहिलंच नसतं. पण सहा वर्षांच्या पोरांना कवायत शिकवायला त्यांना बोलावणार असाल तर त्यांचं अर्धं ज्ञान वाया घालवताय. नकाशा, होकायंत्र, प्रथमोपचार, पोहणं, पुरात-आगीत काय करायचं, दमलेल्या सोबत्याला कसं घेऊन चालायचं, हे त्यांच्याकडून शिकून घ्या. आणि वर्गात पाठवण्याआधी शिकवायचं रीतसर प्रशिक्षण द्या. सरांनी बी.एड. उगाच नव्हतं केलं, तेही पस्तिशीच्या आसपास, विशीतल्या पोरांशेजारच्या बाकावर बसून.

सभेत मला बोलायला सांगितलं होतं, पण आधीचे पाच वक्ते होईपर्यंत जेवणाची वेळ झाली. म्हणून इथे लिहिलं. सरांचे नकाशे धाकट्या मुलीकडे ट्रंकेत आहेत आणि तिला ते शाळेला द्यायचे आहेत. आमच्या बॅचनं त्यांच्यासाठी एक नीट कपाट करून द्यावं असं मला वाटतं. कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. आणि कपाटावर पाटी लावायची झाली तर कृपा करून हवालदार लिहा.